गिब्सनला कापू नकोस, आधी लीगचा फैलाव बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की आऊट ऑफ द पार्क बेसबॉल या कॉम्प्युटर-गेममध्ये तू 1930 पासूनची एकत्र लीग चालवतोयस, गोरे-काळे सगळे पहिल्या दिवसापासून एकाच मैदानात, आणि सहा सीझन झाल्यावर बॅटिंगच्या पहिल्या दहात आठ जण निग्रो लीगचे, जॉश गिब्सन .440 मारतोय (म्हणजे हजार ॲट-बॅटमागे, बॅटिंगच्या हजार पाळ्यांमागे, 440 हिट), आणि तुझे बाकीचे टीम-मालक बोंबलतायत की या सगळ्यांचे आकडे सरसकट 15 टक्क्यांनी खाली आण. आणावेत का?

नको. पण ते बोंबलतायत ते उगाच नाही, आकडे खरंच फुगलेत, फक्त ते कुठे फुगलेत हे त्यांना माहीत नाही.

(निग्रो लीग म्हणजे 1947 पर्यंत मेजर लीग काळ्या खेळाडूंना घेत नव्हती तेव्हाच्या त्यांच्या वेगळ्या लीग. नावाबद्दल एकदाच सांगून टाकतो, तो शब्द आज कुणी बोलत नाही, पण लीगचं नाव कागदोपत्री तेच होतं म्हणून इथे तेच वापरतोय.)

मी यात पडलो 2009 ला, स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फासे-कार्डांच्या बेसबॉल गेमने निग्रो लीगच्या स्टार्सचा कार्ड-सेट काढला तेव्हा. फाशांवरून पुढे कॉम्प्युटरवर आलो आणि पहिल्याच लीगमध्ये तोंडावर पडलो. 1926 चा म्यूल सटल्स आहे तसा उचलला, त्याला मोठ्या मैदानाच्या टीममध्ये टाकला, आणि पठ्ठ्याने होम रनची साठी ओलांडली. चार जण लीग सोडून गेले. मला वाटलं इंजिनमध्येच काहीतरी बग आहे, दोन आठवडे तो शोधण्यात घालवले. बग नव्हता, सटल्स त्या वर्षी सेंट लुईस स्टार्सकडून खेळला आणि त्यांच्या स्टार्स पार्कमध्ये लेफ्ट फील्डला ट्रामची शेड आडवी आलेली, कुंपण हाताच्या अंतरावर, उजव्या हाताने मारणाऱ्यांची दिवाळी. मी मैदानाचा हिशोब काढून टाकायचा पर्याय बंद ठेवला होता आणि शिव्या इंजिनला घालत होतो. तर आधी ते तपास, इम्पोर्ट करताना आकडे मैदानानुसार न्यूट्रल करून घेतलेस का. नसशील घेतले तर तुझी अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

मैदानाचा अजून एक घोळ असा की होम ग्राउंड एकच असेल असं नाही. गिब्सनची टीम होमस्टेड ग्रेज 1940 च्या दशकात पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवरही खेळायचे आणि वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवरही, आणि ग्रिफिथची लेफ्ट फील्ड लाइन 400 फुटांच्या पुढे. म्हणजे गिब्सनसारख्या उजव्या बॅटरला तिथे मैदान मदत करत नव्हतं, उलट आडवं येत होतं. मी न्यू जर्सीत राहतो, पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम 2023 ला दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं तेव्हा मुलीला घेऊन गेलो होतो, 1932 चं बांधकाम, घोड्याच्या नालासारखी काँक्रीटची गॅलरी, बाजूलाच पसायिक नदीचा धबधबा. न्यूयॉर्क ब्लॅक यांकीजचं घर, पण नाव न्यूयॉर्कचं आणि मैदान जर्सीत! होम प्लेटच्या मागे उभं राहून मुलगी विचारते, "बाबा, मग यांची होम टीम नक्की कुठली?" तोच प्रश्न पार्क फॅक्टर (मैदान बॅटरला किती मदत करतं तो आकडा) भरताना मला दर वर्षी पडतो. मी दोन-तीन मैदानांची सरासरी टाकतो आणि पुढे जातो, त्यापेक्षा जास्त खोदकाम केलंस तर हाती फार काही लागत नाही.

आता मूळ मुद्दा. रूब फॉस्टरने 1920 ला कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी केली तिथपासून 1948 पर्यंतच्या सात लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला डिसेंबर 2020 मध्ये, आणि मे 2024 मध्ये आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घातले गेले. त्यात गिब्सन करिअरला .372 वर, आधीचा विक्रमवीर टाय कॉबच्या .367 च्या वर, आणि एका सीझनला 1943 चे .466. लगेच दोन गट पडले, एक म्हणतो बघा, सांगत नव्हतो? दुसरा म्हणतो पन्नास-साठ मॅचचा सीझन, कसलं रेकॉर्ड. सिम (सिम्युलेशन) चालवणाऱ्याला दोन्ही गटांशी देणंघेणं नाही. आपला प्रश्न वेगळा आहे, हा माणूस 154 मॅचच्या सीझनमध्ये, दुसऱ्या पिचर्ससमोर, काय करेल? रेकॉर्ड म्हणजे काय घडलं त्याची नोंद, रेटिंग म्हणजे काय घडू शकेल त्याचा अंदाज, आणि .466 हा रेकॉर्ड म्हणून सोळा आणे खरा असला तरी रेटिंग म्हणून त्याचा उपयोग शून्य.

का ते बघ. अडीचशे ॲट-बॅट धर. ज्याची खरी कुवत .372 आहे असा बॅटर अडीचशे ॲट-बॅटमध्ये नुसत्या नशिबाने साधारण 31 पॉइंट (एक पॉइंट म्हणजे .001) इकडेतिकडे होतो, म्हणजे .341 ते .403 हे सगळं त्याच्यासाठी नेहमीचंच. साडेपाचशे ॲट-बॅट मिळाले तर हाच हेलकावा 21 पॉइंटांवर येतो. आता जवळजवळ तीस वर्षं, सात लीग, दर वर्षी डझनभर टॉपचे बॅटर, एवढ्या सगळ्या हेलकाव्यांतून तू सगळ्यात उंच टोक उचलणार, तर ते टोक कुवतीपेक्षा वरच असणार ना. चिनो स्मिथचे 1929 चे .451 त्यातलेच. त्यातून 1943 म्हणजे युद्धाचा काळ, मॉन्टी अर्विन लष्करात, समोरच्या टीमही अर्ध्या रिकाम्या (तिकडे मेजर लीगमध्ये डिमॅजिओ, टेड विल्यम्स, फेलरसुद्धा नव्हते, त्यामुळे त्या वर्षीचे गोऱ्यांचे आकडेही तेवढेच संशयाने बघ, ते कुणी करत नाही).

लोक इथे काय करतात, गिब्सनचे 69 मॅचचे आकडे 154 मॅचच्या प्रमाणात गुणून मोकळे होतात. अरे गुणाकाराने होम रन वाढतील, नशीब तर तसंच राहिलं ना आत! उलट तू त्या एका गरम उन्हाळ्याला दुप्पट वजन दिलंस. त्यापेक्षा इम्पोर्टमध्ये एका वर्षाऐवजी तीन किंवा पाच वर्षांच्या सरासरीवर रेटिंग काढायचा पर्याय निवड. निग्रो लीगसाठी मी डोळे झाकून पाच घेतो. आणि गोऱ्यांसाठीही पाचच घे बाबा, नाहीतर एकाला एक गज आणि दुसऱ्याला दुसरा, मग मालकांचं भांडण रास्त ठरेल.

छोट्या सॅम्पलची सुरी उलटीही फिरते, हे तुझ्या बोंबलणाऱ्या मित्रांना दाखव. विली मेजचे 1948 मधले बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सचे 10 हिट आता त्याच्या खात्यात आलेत, 3,283 चे 3,293 झाले. तेव्हा तो 17 वर्षांचा. इंजिनला फक्त तेवढंच दाखवलंस तर विली मेज तुला बेंचवर बसणारा पोरगा म्हणून मिळेल. लॅरी डोबी 1947 ला निग्रो लीगमधून मेजरच्या क्लीव्हलँडमध्ये आला, 32 ॲट-बॅटमध्ये 5 हिट, .156. पुढच्या वर्षी .301 आणि वर्ल्ड सिरीज. फुगलेले आकडे दिसतात म्हणून आपण ओरडतो, आणि हे चिरडलेले दिसतच नाहीत. तुझ्या डेटाबेसमध्ये असे दहा-वीस जण नक्की असतील, रेटिंग 30 च्या खाली, कुणी हात लावलेला नाही.

आता 15 टक्क्यांचं. समजा निग्रो लीगची सरासरी .270 होती आणि तुझा स्टार .405 वर. सरसकट 15 टक्के कापलेस तर स्टार .344, ठीक वाटतं. पण .270 वाला सरळसाधा शॉर्टस्टॉप आला .230 वर, त्याला आता कुणी टीममध्ये घेणार नाही. म्हणजे ज्याला कापायचं होतं तो अजूनही राजा आणि ज्याने काही बिघडवलं नव्हतं त्याची नोकरी गेली. कारण दोन लीगमधला फरक मुख्यतः सरासरीत नव्हता, तो फैलावात होता, म्हणजे खेळाडू सरासरीपासून वर-खाली किती लांब पसरलेत त्यात. निग्रो लीगच्या टीममध्ये पैशाअभावी पंधरा-अठरा माणसं, तेवढ्यातच बसने रात्रभर प्रवास, पिचर सुट्टीच्या दिवशी आऊटफिल्डला उभा, दुसरा कॅचर म्हणजे जो मोकळा सापडेल तो. वरचे सात-आठ खेळाडू कुठल्याही मेजर टीमच्या तोडीचे, आणि खालचे चार जण नाही. अशा लीगमध्ये स्टार जास्त उंच दिसतो, कारण आज त्याच्यासमोर सॅचेल पेजसारखा नामांकित पिचर असतो आणि उद्या डबल-हेडरच्या (एकाच दिवशी दोन मॅच) दुसऱ्या मॅचला कुणीतरी दमलेला चौथा पिचर. आपल्याकडे विजय मर्चंटची रणजीतली सरासरी 98.75 आणि कसोटीतली 47.72, म्हणून कुणी मुंबईचा प्रत्येक बॅट्समन अर्धा करून टाकत नाही.

म्हणून मी करतो ते असं. प्रत्येक वर्षाच्या लीगमधल्या नियमित बॅटरची सरासरी काढायची आणि त्यांचा फैलाव (स्टँडर्ड डेव्हिएशन) काढायचा, एक्सेलमध्ये दोन फॉर्म्युले लागतात. समजा सरासरी .270, फैलाव 45 पॉइंट, तर .405 वाला तीन फैलाव वर. मेजरचा त्या वर्षीचा फैलाव 30 पॉइंट आणि सरासरी .280 असेल तर त्याला .280 अधिक तीन गुणिले 30, म्हणजे .370. आणि .270 वाला शॉर्टस्टॉप? तो .280 वर, म्हणजे सरासरीवरच राहिला, जिथे होता तिथेच. याच्यानंतर लीगची एकूण खोली कमी होती म्हणून सरासरीतून किंचित काहीतरी काढायचं असेल तर काढ, मी दोन-तीन टक्के काढतो, आणि तेही बेंचकडच्या खेळाडूंना जास्त, वरच्यांना जवळजवळ नाहीच. होम रनसाठी हेच गणित वेगळं कर, तिथे फैलाव फारच वेडावाकडा असतो.

तुमच्यात कुणी अजून फाशांवर खेळत असेल तर त्याच्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. स्ट्रॅटमध्ये अर्धे निकाल बॅटरच्या कार्डवरून आणि अर्धे पिचरच्या, म्हणून .270 च्या लीगमध्ये .360 मारायला बॅटरच्या कार्डवर .450 लिहावं लागतं. .466 मारायचे तर कार्डवर .662, म्हणजे तीनात दोन वेळा हिट! मग समोर पेजचं .170 चं कार्ड आलं तरी निकाल .416 वर. पिचरला काही जागाच उरत नाही. घरी कार्ड बनवणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं, मगच सेलोटेप लावावी.

इतकं केल्यावर बरोबर झालं की नाही हे कळणार कसं? इथे आपल्याकडे एक जबरदस्त पुरावा आहे आणि लोक तो वापरत नाहीत, जे प्रत्यक्षात पलीकडे, मेजर लीगमध्ये, गेले ते. मेजरमधल्या नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) 1949 न्यूकम, 1950 जेथ्रो, 1951 मेज, 1952 जो ब्लॅक, 1953 गिलियम, ओळीने पाचही निग्रो लीगमधून आलेले. त्यात सॅम जेथ्रो बत्तिशी ओलांडलेला, त्या आणि पुढच्या वर्षी लीगमध्ये सर्वात जास्त बेस चोरणारा. कॅम्पानेला 1951, 1953, 1955 असा तीनदा एमव्हीपी (लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू). मॉन्टी अर्विन तिशीत आला आणि 1951 ला 121 आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन). पेज 42 व्या वर्षी रूकी, 6 जिंकल्या 1 हरला, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) 2.48. रे डँड्रिज 36 वर्षांचा असताना 1950 ला मिनियापोलिसकडून खेळून ट्रिपल-ए मध्ये, मेजरच्या खालच्या पायरीवर, एमव्हीपी झाला आणि तरी त्याला वर बोलावलं नाही ते नाहीच. हे सगळे गेले तेव्हा बरेचसे उतरणीला लागलेले होते, हेही धर.

तर टेस्ट अशी. 1946 ची फाइल बनव, तुझी सगळी कापाकापी लावून, आणि 1947 ते 1955 वीसेक वेळा पळव. रॉबिन्सन (1947 ला मेजरची बंदी मोडणारा जॅकी), डोबी, कॅम्पानेला, अर्विन, न्यूकम या पाच जणांची सिमची सरासरी खऱ्या आकड्यांच्या आसपास आली पाहिजे. मी 15 टक्के लावून हे करून बघितलंय, कॅम्पानेला कायम बॅकअप कॅचर होतो. उलट काहीच न लावता केलं तर तो दर वर्षी .350 मारतो. फैलाव दाबला की तो जागेवर येतो. एखाददोन जण हटून बसतीलच, अर्विन माझ्याकडे नेहमी थोडा जास्त चांगला निघतो, मी तो सोडून दिलाय.

ज्या वर्षांचे आकडेच नाहीत त्यांचं काय, हा वेगळा डोकेदुखीचा विषय. इंजिनला वाटतं आकडे नाहीत म्हणजे माणूस जखमी किंवा संपला. पेज 1935 ला नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या सेमी-प्रो टीमकडे गेला होता, जास्त पैसे आणि गाडी मिळाली म्हणून. 1937 ला तो, गिब्सन आणि कूल पापा बेल डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या टीमसाठी खेळत होते. बेल 1938 ते 1941 मेक्सिकोत, गिब्सन 1940-41 मेक्सिकोत. ही वर्षं शून्य धरलीस तर ऐन भरातले खेळाडू तुझ्या लीगमधून गायब होतात. मी आधीच्या-नंतरच्या दोन-दोन वर्षांची सरासरी हाताने भरतो, कंटाळवाणं काम आहे, पण सगळे मिळून चाळीस-पन्नास खेळाडूंनाच लागतं. दुसरी बाजू वयाची, पॉप लॉइडचा जन्म 1884 चा, त्याचा अधिकृत डेटा सुरू होतो तेव्हा तो छत्तिशीत. बुलेट रोगन 1893 चा, लष्करातून निघून कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे आला 1920 ला. यांना तरुण करून आणायचं तर ते तुझ्या कल्पनेवर, डेटावर नाही, आणि मालकांना आधी सांगून.

वॉकबद्दल (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) सावध राहा. बऱ्याच बॉक्स स्कोअरमध्ये (पेपरात छापलेला मॅचचा तक्ता) वॉक, स्ट्राइकआउट, चोरलेले बेस छापलेच नव्हते, शिकागो डिफेंडर किंवा पिट्सबर्ग कुरियर ही साप्ताहिकं, जेवढी जागा तेवढं छापलं. म्हणून इंजिनने काढलेली नजर आणि वेग ही दोन रेटिंग मी हातानेच बसवतो, आणि फील्डिंगची तर सगळीच. बेलचा वेग मी लीगमध्ये सर्वात जास्त ठेवतो, पण स्केलच्या आतच ठेवतो. दिवा विझायच्या आत अंथरुणात शिरायचा ही गोष्ट पेजने रंगवून सांगितलेली, ती रेटिंगमध्ये घालायची नाही. आणि डेटाबेसची आवृत्ती एक धरून ठेव, नवे बॉक्स स्कोअर सापडत असतात, आकडे हलतात, मधेच अपडेट केलंस तर अर्ध्या टीमचं गणित बदलतं आणि परत भांडण.

डिहिगो आणि रोगनला टू-वे (पिचर आणि बॅटर दोन्ही) ठेव, दोन्हीकडे पूर्ण रेटिंग दे, फक्त थकवा चालू ठेव. लोक घाबरून एक बाजू कापतात, आजचा ओतानी दोन्ही करतो हे बघूनसुद्धा.

तुझ्या चालू सेव्हचं म्हणशील तर मागे जाऊ नको. आत्ता 1936 च्या आधीचा ऑफ-सीझन चालू आहे ना, बॅकअप घे, फैलावाचा हिशोब करून सगळ्यांची बॅटिंग रेटिंग एकदाच बदल आणि कोणाचं किती हललं त्याची एक शीट मालकांना पाठव, गोऱ्यांसकट. गिब्सन .440 वरून साधारण .360-.370 वर येईल आणि तरी लीगचा सर्वात भारी कॅचर राहील, त्यावर कुणी कुरकुर केली तर 1951 चा कॅम्पानेला दाखव. एक गोष्ट मात्र तुम्ही सगळ्यांनी आत्ताच बसून ठरवा, गिब्सन खऱ्यात जानेवारी 1947 ला 35 व्या वर्षी गेला आणि इंजिन त्याला चाळिशीपर्यंत खेळवेल. माझ्या लीगमध्ये मतदान झालं होतं, 11 विरुद्ध 5, त्याला खेळू दिला. ज्या पाच जणांनी विरोध केला त्यातल्या एकाकडेच तो होता.